ताईच्या गाडीवरची मांजरं

आवारातल्या मांजरांचा ताईच्या गाडीवर पहिल्यापासून जीव होता. ताई गेल्यावर तरी त्यांनी दुसरी जागा बघायला हवी होती. पण नाही.

रंगारी दुकानांच्या पाट्या रंगवून संध्याकाळी घरी यायचा, तेव्हा भिंतीलगत उभ्या असलेल्या त्या निळ्या गाडीच्या बॉनेटवर मांजरांची बैठक भरलेली असायची. मधोमध एका डोळ्याचा काळा बोका. त्याच्या रुबाबामुळे त्याला सगळे फौजदार म्हणत. रंगारी जवळ आला की बाकीची उड्या मारून पळायची. फौजदार मात्र तसूभर हलायचा नाही. काचेतून आत, स्टिअरिंगमागच्या रिकाम्या सीटकडे टक लावून बसायचा. ते बघितलं की रंगाऱ्याला मान वळवून घ्यावीशी वाटे.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. इस्पितळात नर्स होती. नवरा गेल्यावर लहानग्या मुलीला कडेवर घेऊन भावाकडे आली, ती कायमचीच राहिली. रंगाऱ्याने लग्न केलं नाही. ताई आणि भाची हाच त्याचा संसार. गेल्या हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि ताई गेली. आता घरात तो आणि विशीतली भाची. ती पहाटे बेकरीत कामाला जायची, दुपारी परत यायची. दोघं जेवताना मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलायची.

गाडीबद्दल रंगाऱ्याने ठरवून टाकलं होतं आणि भाचीलाही बजावलं होतं. विकायची नाही, चालवायची नाही, ताईने जशी लावली तशी राहू द्यायची. तिचा निळा रंग त्यानेच स्वतःच्या हाताने दिला होता. त्यावर नखांचे ओरखडे दिसले की तो बोटाने ते चाचपत राहायचा.

मारहाण त्याच्या स्वभावात नव्हती. ताई कामावरून आली की गाडीत बसूनच या मांजरांना खाऊ घालायची, हे त्याने पाहिलं होतं. वासाने दूर राहतील म्हणून त्याने बॉनेटवर संत्र्याची सालं पसरली. फौजदाराने ती पंजाने एकेक करून खाली ढकलली. गाडीवर ताडपत्री घातली, तर एका मांजरीला तीच आयती गोधडी वाटली. ती आत शिरून झोपली. कुणी सांगितलं, व्हिनेगर शिंपडा. व्हिनेगरने रंगाची वाट लागते हे त्या सांगणाऱ्याला कोण समजावणार?

शेवटी तो नाक्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"हाकलून काही उपयोग नाही हो," त्या म्हणाल्या. "त्यांना याहून चांगली जागा द्या. उन्हातली भिंत बघा, जमिनीपासून थोडा वर एक खोका ठेवा, आत जुनं पांघरूण घाला आणि खाणं तिथेच द्या. हळूहळू सरकतील. आणि हो, गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर जोरात थाप मारत जा. उबेसाठी मांजरं इंजिनापाशी शिरतात."

"आमची गाडी बंदच आहे. हिवाळ्यापासून जागची हललेली नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या. "मग बॉनेटवर कशाला बसतील? थंड पत्रा त्यांना नको असतो. चालवत असेल कुणीतरी."

रंगारी घरी आला तो थेट गाडीपाशी. आवारात ऊन कधीच येत नसे. त्याने फौजदाराशेजारी बॉनेटवर तळवा टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. पत्रा गरम होता.

त्याने घरात जाऊन कपाट उघडलं. गाडीची किल्ली होती तिथेच होती, धूळ खात. त्याने तिला हात न लावता कपाट लावून टाकलं.

जिन्यात तळमजल्यावरच्या आजी भेटल्या. त्यांना दिसायचं कमी, पण कान तिखट. "ताई लवकर आली का रे आज?" त्यांनी विचारलं, आणि मग स्वतःच जीभ चावली. "मेलं, माझं डोकंच फिरलंय. पण गाडीचा आवाज आला बघ. तिचाच. दोनदा खोकून सुरू व्हायची ना? आणि दार दोनदा आपटल्याशिवाय लागायचं नाही."

"आज आला?"

"रोज येतो," आजी हळूच म्हणाल्या. "तुला उगाच कशाला सांगायचं, म्हणून गप्प होते."

त्यानंतर रंगाऱ्याचं कामात लक्ष लागेना. पाट्यांवरची अक्षरं वाकडी यायला लागली. भाचीला सांगावं, तर पोर घाबरेल. न सांगावं, तर एकट्याला पेलवेना. आणि खरं सांगायचं तर भीतीच्या तळाशी दुसरंही काही होतं. ताई येत असेल, तर तो घरात नसतानाच का येते?

एके दिवशी त्याने ब्रश अर्धवट रंगात बुडवून ठेवला आणि रोजच्या वेळेआधीच घराकडे निघाला. आवाराच्या फाटकात पाऊल टाकलं आणि पाय जमिनीला खिळले.

गाडीत ताई बसली होती.

तोच इस्पितळाचा पांढरा कोट. तसेच मानेवर चापून बांधलेले केस. एक हात स्टिअरिंगवर. मांजरं गाडीभोवती जमिनीवर बसून तिच्याकडे वर बघत होती. फौजदार तेवढा दिसत नव्हता. 

एवढ्यात बॉनेटखाली काहीतरी खरवडलं. काळं शेपूट चाकाच्या कमानीतून क्षणभर लोंबलं आणि वर ओढलं गेलं. सीटवरच्या बाईने किल्लीकडे हात नेला.

"ताई, थांब!"

तो धावत सुटला आणि दोन्ही हातांनी बॉनेट बडवू लागला. गाडीतून किंचाळी आली, चाकामागून फौजदार बाहेर फेकल्यासारखा पडला आणि भिंतीवर चढला. गाडीचं दार उघडलं. आईच्या कोटात भाची उभी होती, पांढरीफटक.

"मामा, मला माहीत नव्हतं तो आत आहे... माझ्या हातून मेला असता तो!"

"तू आहेस होय," रंगारी कसाबसा म्हणाला, आणि गाडीला टेकून खालीच बसला.

तीही त्याच्याशेजारी येऊन बसली.  मग तिने कोटाच्या खिशातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. "दुसरी किल्ली, आईची आहे. इस्पितळातून कोट आला ना, त्यातच होती."

"पण रोज कशासाठी गं?"

"मी गाडी चालू ठेवते आणि वर जाऊन माझ्या खोलीत पडते. डोळे मिटून. आवाज ऐकला की वाटतं, आई आली, आता बोळातून वळवतेय. मग खाली येऊन बंद करते. दार दोनदा आपटते. तेवढ्यापुरतं..." तिने कोटाची बाही डोळ्यांवरून फिरवली. "तुम्ही म्हणाला होतात, गाडीला हात लावायचा नाही. म्हणून तुम्ही परतायच्या जरा आधी."

रंगाऱ्याला रागवायचं होतं. त्याऐवजी त्याने विचारलं, "येते का गं? डोळे मिटल्यावर?"

"कधीकधी येते," ती म्हणाली. "जिन्यापर्यंत."

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून लाकडी खोका ठोकला. घरामागे, आवाराबाहेरच्या भिंतीला दिवसभर ऊन असायचं. तिथे विटांवर तो ठेवला, आत ताईची जुनी शाल घातली. खाण्याची ताटली रोज गाडीपासून थोडी थोडी लांब सरकवत नेली. मांजरं ताटलीमागे गेली. फौजदाराने सगळ्यात जास्त भाव खाल्ला, पण अखेर तोही गेला.

रंगाऱ्याने ओरखडे घासून काढले, निळा रंग जुळवला आणि भाचीला गाडी शिकवली. ताईने लावलेली सीट पुढे ओढताना तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने मान डोलावली. आता ती गाडीनेच बेकरीत जाते. निघताना बॉनेटवर थाप मारते, आणि ती ऐकून रंगाऱ्याला पहाटे जाग येते.

दुपारी मात्र तो हल्ली काम सोडून घरी येतो. जेवायला, असं सांगतो. आवारात गाडी शिरते, दार एकदा आपटतं, मग पुन्हा एकदा. रंगारी वर खिडकी लावून, डोळे मिटून बसलेला असतो. जिन्यावर पावलं वाजतात. ती दाराशी येऊन थांबेपर्यंत तो डोळे उघडत नाही. भाचीला हे ठाऊक आहे. ती जिना सावकाश चढते.