नागुबाईचा घाट

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. म्हणून लगेच ‘अरेरे’ म्हणू नका. माझा पत्रा गंजला आहे, मागचं दार दोरीनं बांधावं लागतं आणि चढावर मला धाप लागते, हे सगळं खरं. पण माझी कीव केलेली मला मुळीच खपत नाही.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा हिरवा रंग असा चकाकत होता, की कंधारच्या भीमानं मला बघताक्षणी पसंत केलं. तोच माझा मालक आणि तोच चालक. कंधार ते नांदेड मी वर्षानुवर्षं खेपा केल्या. जागा नऊ जणांची आणि बसणारी माणसं सोळा, वर कुणाची तरी शेळी. नवऱ्या मुली, बाळंतिणी, परीक्षेला निघालेली मुलं, सगळ्यांना मी वेळेवर पोचवलं. “भीमाची गाडी बंद पडत न्हाई,” असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकून मला भारी मिजास चढायची.

भीमाची बायको नागुबाई किनवटकडच्या डोंगरातली. ती लहान असताना दुष्काळात तिथं घाटरस्त्याचं काम निघालं होतं. आईबरोबर तिनं त्या घाटात खडी फोडली, डोक्यावरून पाट्या वाहिल्या. रस्ता पुरा झाला आणि ती लग्न होऊन कंधारला आली. आपण केलेल्या रस्त्यावरून एकदा गाडीत बसून जायचं, तेही पळस फुललेला असताना, एवढीच तिची हौस होती. भीमा दर साली म्हणायचा, “यंदा नेतो.” पण पळस फुलायचा तो ऐन लग्नसराईत, आणि माझ्यात जागा रिकामी नसायची. मग भीमा वारला. मला पत्र्याच्या शेडमध्ये लावून टाकलं. कोंबड्या माझ्या मागच्या सीटवर अंडी घालू लागल्या. सांगा, हा काय मान झाला?

भीमाची नात धम्मप्रिया लातूरला नर्स आहे. यंदा सुट्टीवर आली आणि तिनं कोंबड्यांना हुसकावून लावलं. ब्रेक नवे बसवले, पासिंग करून घेतलं आणि म्हणाली, “आज्जे, घाट बघायला जायाचं.”

बेत आखायला बसला तिचा बाप, आनंदराज. नागुबाईचा हा मुलगा इतका जपून वागणारा, की मोबाईलवर हवामान बघितल्याशिवाय धुणंसुद्धा वाळत घालू देत नाही. त्यात ते फाल्गुनातलं आभाळ! सकाळी चटका, दुपारी ढग, संध्याकाळी वारा. एका रविवारी उदगीरकडं गारा पडल्या, बेत रद्द. पुढच्या रविवारी वावटळ सुटली, पुन्हा रद्द. त्याची भीती खोटी नव्हती. मागच्या साली नागुबाई भिजली आणि न्यूमोनियानं दवाखान्यात पडली होती. पण पळस काही कुणासाठी थांबत नाही, तो झडायला लागला होता.

तिसऱ्या रविवारी पहाटेच नागुबाई पांढरं लुगडं नेसून, भाकरीचं गाठोडं घेऊन आली आणि माझ्या पुढच्या सीटवर बसली.

“माय, उतर,” आनंदराज म्हणाला. “ढग जमून राहिलेत. दिवाळी झाल्यावर जाऊ.”

“दिवाळीला पळस फुलतो का रे?”

“मग भाड्याची एसी गाडी तरी करू. ही लई जुनी हाय.”

“मी बी जुनीच हाय. मला बी शेडात लावतोस का?” नागुबाईनं दार ओढून घेतलं. “मी उतरत न्हाई.”

तिनं चहासुद्धा गाडीतच मागवला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! शेवटी धम्मप्रियानं घोंगडी आणि रेनकोट आणून आजीला नीट गुंडाळलं, ती स्वतः चालवायला बसली आणि आनंदराज तोंड पाडून मागे बसला.

घाट सुरू झाला तेव्हा लख्ख ऊन होतं. दोन्ही अंगांना उरलासुरला पळस पेटलेला. निम्म्या चढावर अंधारून आलं आणि बोराएवढ्या गारा माझ्या टपावर ताडताड आदळू लागल्या. धम्मप्रियानं मला रुंद जागी बाजूला घेतलं. समोरून आलेल्या दोन नव्याकोऱ्या गाड्या घाईघाईनं मागे वळल्या.

“पिये, आपण बी फिरू,” आनंदराज मुलीला म्हणाला.

“न्हाई,” नागुबाई म्हणाली. “ह्याहून मोठ्या गारा ह्याच घाटात अंगावर घेतल्या म्या. आता तर डोक्यावर टप हाय.”

गारा थांबल्या आणि मी चढायला लागले. इंजिन तापलं, धूर काढला, पण थांबले नाही. माथ्यावर पोचलो तेव्हा धम्मप्रिया ओरडली, “आज्जे, दरी बघ की!”

नागुबाईनं पदरानं डोळे पुसले. “खाली न्या आन् पुन्यांदा वर आणा. पैल्या बारीला सारा घाट रडण्यातच गेला. काईच दिसलं न्हाई.”

मग आनंदराज मागून उतरला आणि पुढं येऊन मुलीला म्हणाला, “सरक. मी चालवतो.”

आम्ही घाट उतरलो आणि पुन्हा चढलो. या वेळी नागुबाई काच खाली करून, मान बाहेर काढून, एकेक वळण बघत होती. आनंदराजनं आभाळाकडं एकदाही पाहिलं नाही.

तेव्हा मित्रांनो, जुन्यांना जपा, हे मीही सांगते. तेलपाणी करा, गंज घासा, पांघरूण घाला. पण एवढ्यानं काळजी घेतली असं समजू नका. आम्हाला कुठं जायचं आहे, ते आधी विचारा.