पायाची बोटं

उकंडा न्हाव्याला गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहायची गरजच नसे. तो पायाकडे पाहायचा. वस्तरा ओढायला लागला की माणूस भिडेपोटी तोंडानं काही बोलत नाही, पण पायाची बोटं आखडतात. दिग्रसच्या बाजारात तीस वर्षं लिंबाखाली बसून त्यानं एवढी एक विद्या कमावली होती. आणि अठ्ठावन्न सालच्या त्या उन्हाळ्यात समोर बसेल त्याची बोटं आखडत होती.

दोष कुणाचा म्हणाल, तर उकंडाच्या मते पथरीचा. वस्तऱ्याला धार लावायचा बापाच्या वेळचा तो दगड होळीला त्याच्या हातून निसटला आणि दोन तुकडे झाले. तेव्हापासून हा बुवा जुन्या पथऱ्यांच्या मागे हात धुऊन लागला. यवतमाळच्या भंगारवाल्याकडून एक काळी आणली, ती म्हणे कोण्या गोऱ्या साहेबाच्या न्हाव्याची. पलटणीतून परतलेल्या हवालदारानं एक हिरवट दिली. तिसरी पिवळी, साबणाच्या वडीएवढी, पुसदच्या एका न्हाव्याच्या विधवेकडून मागून आणली. काळीवर तेल घालून पाहिलं, पाणी घालून पाहिलं. घासायचं, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचं आणि आपल्याच हातावरचे केस उडवून बघायचे. दोन्ही हात भोपळ्यासारखे गुळगुळीत झाले, मग पोटऱ्या झाल्या. गंमत अशी की केस तर झरझर उडत होते. तरी गडी दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पथरीवर.

"आता डोईचे तरी ठेवा," मैनाबाई, त्याची बायको, म्हणाली आणि चहाची बशी पुढे केली. उकंडानं बशी घेतली न घेतली तोच चहा धोतरावर.

"उथळ बशी कायले देतं?" तो खेकसला.

मैनाबाई त्याच्या हाताकडे पाहत राहिली.

जीव टांगणीला लागायचं कारण वेगळंच होतं. शनिवारी रामधन नाईकाच्या तांड्यावर लग्न होतं, त्याच्या पोराचं, देवीलालचं. त्या तांड्यातल्या नवरदेवाची दाढी उकंडाच्या बापापासून त्याच्याच घराकडे होती. हळदीआधी नवरदेवाच्या गालावर रक्ताचा थेंब दिसला तर तांडा अपशकुन धरणार आणि पुढचं बोलावणं स्टँडवरच्या ब्लेडवाल्याला जाणार. उकंडाला भीती वाटत होती, अगदी साधी भीती. त्याला जेवण गोड लागेना.

शुक्रवारी आर्णीचा भीमराज न्हावी आला. आपली दाढी आपण करायची नाही, एकमेकांची करायची, हा दोघांचा बावीस वर्षांचा रिवाज.

"हत्यारांची धोकटी मोटारीतच राह्यली माही," भीमराज म्हणाला. "दे तुहाच वस्तरा."

"तो ओढून राह्यला बापा. मनासारखी पथरीच भेटून नाई राह्यली."

"बस त खरी."

उकंडानं डोळे मिटले आणि आता ओढेल, मग ओढेल म्हणून वाट पाहत बसला. वस्तरा गालावरून, हनुवटीखालून, गळ्यावरून फिरला, पण ओढला कुठंच नाही. त्यानं डोळे उघडून आपल्या पायांकडे पाहिलं. बोटं सैल पडली होती.

"कोन्त्या पथरीवर लावला तू?"

"लावला कुठी? तू देल्ला तसाच फिरवला."

मग भीमराज समोर बसला. पाय लांब केले आणि आर्णीच्या पाण्याच्या टंचाईचं काहीबाही सांगू लागला. उकंडानं तोच वस्तरा त्याच्या गालाला लावला. भीमराजाचं बोलणं चालूच राहिलं, पण पायाची बोटं तळव्याकडे वळली.

उकंडानं वस्तरा मिटून खाली ठेवला. आपल्या उजव्या हाताकडे त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा धड पाहिलं. हात बारीक थरथरत होता.

"कवापासून ठाव हाय तुले?"

"होळीच्या आंधीपासून," भीमराज म्हणाला.

"मंग बोलला काहून नाई?"

"तूच बोलशीन म्हणलं."

म्हणजे पथरी फुटायच्याही आधीपासून. तो बिचारा दगड उगाच बदनाम झाला होता. अर्ध्या दाढीचा साबण भीमराजाच्या गालावर वाळत चालला होता. उकंडाला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

शनिवारी तो भीमराजाला घेऊन तांड्यावर गेला. देवीलाल पाटावर बसला, भोवती सगळं गणगोत. उकंडानं साबण लावला, तेवढं जमलं. मग वस्तरा उघडला आणि सगळ्यांदेखत भीमराजाच्या हाती दिला.

"नाईक, माह्या हातात आता राम नाई. आजपासून दाढी हा करन."

रामधन नाईकानं एकदा उकंडाकडे पाहिलं, एकदा पोराकडे, आणि मान हलवली.

नवरदेवाचं डोकं मागून धरायला उकंडा उभा राहिला. त्याची नजर सवयीनं खाली गेली. देवीलालची बोटं शेवटपर्यंत सैल होती. चपलेतली उकंडाची बोटं मात्र घट्ट आखडली होती.