हिंदीवाली बाई

नागपूरच्या माणसाले अनोळखी माणूस दिसला, की त्याच्या तोंडातून आपोआप हिंदी निघते. भाजीवाला सावनेरचा, घेणारी काटोलची, अन भाव चालून राहिला "कितने का दिया भैया?" असा. घरी जाऊन दोघंबी मराठीतच भांडतात. पण रस्त्यावर हिंदी. काहून, ते कोणाले विचारू नका. मीबी तशीच आहो.

आमचे मालक मधुकरराव सरकारी कचेरीत होते. राज्याची भाषा मराठी झाली ना, मग फाईलबी मराठीतच, असा त्यांचा हट्ट. साहेबाशी वाद घालायचे. अन कचेरी सुटली, ऑटोवाला दिसला, की म्हणायचे, "बर्डी चलोगे क्या?" मी म्हणायची, "काय हो, तुमची राजभाषा कचेरीतच कुलपात ठेवून आले का?" असे चिडायचे बाप्पा! आता ते नाहीत. चिडवाले कोणी राहिलं नाही.

घरात पोरगा सौरव, सून श्वेता अन नातू आयुष. सून रायपूरची. गुणाची आहे, खोटं काहून बोलू? "मम्मीजी चाय, मम्मीजी दवाई", सारं हातात आणून देते. पण घरातली बोली हिंदी झाली. आयुषले मराठी शाळेच्या पेपरापुरती येते. सौरवबी माझ्याशी हिंदीतच बोलते आता, त्याले ते समजतबी नाही. अन मले हिंदीत काय येते? चहा, दवाई, भाजी. बाजार करता येते तेवढ्यात. जीव घाबरून राहिला असला, तर ते कसं सांगाचं, ते नाही येत. मले फक्त एक माणूस पाहिजे होतं, ज्याच्याजवळ मन मोकळं करताना आधी शब्द शोधा लागणार नाही. मोठं काही मागत नव्हती मी.

मग किडन्या गेल्या. धंतोलीतल्या दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं, दर मंगळवारी अन शुक्रवारी. त्या खोलीच्या दारावर मराठीत पाटी आहे, 'अपोहन कक्ष'. आता हे अपोहन म्हणजे काय, ते तिथल्या डॉक्टरलेबी माहीत नसन. एकदा एक म्हातारा त्या पाटीखालीच उभा राहून विचारत होता, "डायलिसिस किधर है?" खाली काउंटरवर कागद चिकटवला आहे, 'येथे मराठी बोलली जाते'. कागदावर बोलली जात असन. आत नर्सा केरळच्या, बिचाऱ्या मोडकीतोडकी हिंदी बोलतात, अन आम्हा साऱ्या म्हाताऱ्यांले 'अम्मा' म्हणतात.

बाजूच्या पलंगावर रंभाबाई असे. पहिल्या दिवशी तिची सून तिच्याशी हिंदीत बोलताना मी ऐकली. माझ्या सुनेची हिंदी तिनं ऐकली असन. मी विचारलं, "आपको कब से है?" ती म्हणाली, "दिवाली से." झालं. आमच्या इकडं एकदा ज्या भाषेत ओळख झाली, मरेपर्यंत तीच चालते. गाव विचारलं, तर "पेंच के पास" म्हणाली. मी म्हणली, "हमारा भी उधर ही." आता पेंचचं जंगल महाराष्ट्रातबी आहे अन मध्य प्रदेशातबी. मी तिले तिकडची, छिंदवाड्याकडची समजली. तिची हिंदी माझ्यासारखीच धेडगुजरी होती, पण नागपुरात कोणाची नाही?

तरी मले ती भल्ली आवडे. पाणी मोजूनच प्या लागते आम्हाले, तर ती बर्फाचा खडा चघळे अन अर्धा मले दे. मशीन सुरू करताना सुई टोचली, की आम्ही एकमेकींकडं पाहो. मंगळवारची वाट पाहाले लागली मी. दवाखान्याची वाट कोणी पाहते का? मी पाहे.

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी ती माझ्याकडं वळली. म्हणाली, "एक बात बोलनी थी आपसे." मी म्हणली, "बोलो ना." ती छताकडं पाहत राहिली. ओठ हलले. मग म्हणाली, "नहीं बनता बोलते. जाने दो."

मले वाटलं, थकली आहे. माझ्याबी पोटात एक गोष्ट होती, किती दिवसांची. वाटलं, सांगून टाकावं. पण हिंदीत जुळवाले गेली अन सोडून दिलं. पुढच्या खेपेले पाहू, म्हणलं.

मंगळवारी तिच्या पलंगावर धुतलेली चादर होती. नर्स म्हणाली, "अम्मा चली गई."

महाल मोहल्ल्यात तिचं घर शोधत तिसऱ्या दिवशी बसाले गेली. सौरव सोडतो म्हणत होता, पण मी एकटीच ऑटोनं गेली. दारात चपला काढून राहिली होती, अन आतून रडणं ऐकू आलं.

"माही बहीण वं माय! बाजारात माह्या हाताले धरून चाले वं! पारशिवनीले एकदा नेतो म्हणलं, तेबी राहून गेलं वं!"

एक चप्पल पायात, एक हातात, अशी मी उभी. पारशिवनी? माझं माहेर पारशिवनीपासून दोन कोसांवर. त्याच बाजारात मी माझ्या मायच्या मागं मागं फिरली आहो.

रडणारी बाई रंभाबाईची बहीण बायजाबाई होती. तिनं मले पाहिलं, डोळे पुसले, अन म्हणाली, "आओ, बैठो. आप कहाँ से?"

अन माझ्या तोंडातून काय निघावं? "मैं दवाखाने से. बाजू के बेड पे रहती थी." आग लागो या जिभेले!

बायजाबाई बाकीच्या बायांकडं वळली. "हेच वं ते हिंदीवाली बाई. रंभा फोनवर सांगे ना. म्हणे, बाई सोन्यासारखी आहे, पण मनातलं सांगाले जातो तर हिंदीत येतच नाही. घरात सारे हिंदी बोलतात, अन दवाखान्यात एक मैत्रीण भेटली तर तेबी हिंदीवालीच. देवानं एक तर मराठी धाडाची होती, म्हणे."

माझ्या समोरच बोलून राहिली होती ती. हिंदीवालीले काय समजते, असं वाटलं असन तिले.

मी खालीच बसली. म्हणली, "मी मराठीच आहो वं बाई. मी तुमच्या पारशिवनीचीच आहो."

बायजाबाईनं माझा हात धरला. सुयांनी काळानिळा झालेला, रंभाबाईचा होता तसाच. त्याच्याकडं पाहून तिले पुन्हा रडू फुटलं.

"मंग बोलल्या काहून नाही वं माय?"

काही कारण असतं तर सांगतलं असतं. भांडण नव्हतं, मनाई नव्हती, कोणी तोंड दाबलं नव्हतं. मी विचारलं, "त्या शुक्रवारी तिले मले काय सांगाचं होतं, तुमाले काही बोलली का?"

"त्या दिवशीचं मले काय माहीत? पण माह्याजवळ एकच रडे. म्हणे, सुया टोचून टोचून जीव इटून, कंटाळून गेला वं, आता बंद करा म्हणावंसं वाटते, अन मराचं भेवबी वाटते. पोरासमोर कसं बोलू, म्हणे."

हेच. याच शब्दांत. माझ्या पोटात होतं ते हेच होतं. दोघी जणी हातभर अंतरावर निजून, तेच भेव उराशी धरून, एकमेकींले 'शक्कर कितनी आई' विचारत होतो. मी तिथं इतकी रडली, की बायजाबाईलेच मले पाणी द्या लागलं. मोजून एक घोट घेतला.

शुक्रवारी त्या पलंगावर नवी बाई आली. आल्याबरोबर, तिच्यासोबतचं कोणी तोंड उघडाच्या आत, मी मोठ्यानं विचारलं, "कोणतं गाव वं बाई तुमचं?"

ती गोंधळली. "मराठी नहीं आती अम्मा. बालाघाट के हैं हम."

तिचा काय दोष? मी हिंदीत बोलली. वजन किती वाढते, मीठ किती चालते, सारं सांगतलं तिले. बर्फाचा अर्धा खडाबी दिला. ते दुसरं मात्र तिले सांगता आलं नाही. ते अजून माझ्याजवळच आहे.

संध्याकाळी सौरव घ्याले आला. माझी पिशवी उचलून घेतली, हात धरून जिना उतरवला. माझाच पोरगा. गाडीचं दार उघडता उघडता त्यानं विचारलं, "कैसा रहा, मम्मी?"

मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. सारं ओठावर आलं होतं.

"ठीक है बेटा," मी म्हणली.