नृसिंह सरांच्या गाडीतला लाल दिवा

निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात, नातवंडं सांभाळतात, नाहीतर तालमीच्या कट्ट्यावर बसून फुटबॉलच्या पोरांना नावं ठेवतात. नृसिंह सरांनी गाडी बांधायला घेतली. उभी हयात तंत्रनिकेतनात शिकवण्यात गेली, आता स्वतःच्या हातानं काहीतरी उभं करायचं त्यांच्या डोक्यात बसलं आणि एकदा बसलं की ते उठत नसे. सांगाडा आणि फायबरची बॉडी सुट्या भागांत कोइमतूरहून आली, इंजिन एका मोडीतल्या मोटारीचं घातलं. शिवाजी पेठेतल्या घरामागं परड्यात पत्र्याची शेड उभी राहिली. सर तिच्यात जे शिरले ते जेवणापुरतेच बाहेर येऊ लागले. गाडी पुरी झाली, रंकाळ्याला एक फेरी मारून आली, आणि गेल्या श्रावणात सरच गेले.

मागं राहिल्या सरोजिनीबाई. अंतरा, त्यांची एकुलती एक लेक, पुण्याला असे. आईनं एकटीनं त्या घरात राहू नये एवढाच तिचा हट्ट होता, आणि तो वावगा नव्हता. आई वाळत चालली होती. फोनवर बोलता बोलता मध्येच गप्प होई, कुणाची तरी चाहूल घेतल्यासारखी. आधी म्हणाली, दिवाळी होऊ दे. मग म्हणाली, ह्यांच्या गाडीचं मार्गी लागू दे, मग येते. गाडीला गिऱ्हाईकही मिळालं. कोडोलीचे उदयसिंह, जुन्या-नव्या गाड्यांचे शौकीन. पण त्यांनी एक अट घातली, तो लाल दिवा तेवढा बघा.

तो दिवा तेलाच्या दाबाचा. चालत्या गाडीत पेटला की समजायचं, इंजिनाचा काळ आला. या गाडीत तो गाडी उभी असताना पेटे. इंजिन बंद, किल्ली घरात खुंटीला, आणि संध्याकाळी डॅशबोर्डवर लाल ठिपका. जरा वेळानं आपोआप विझे. उदयसिंहांना एकदा तो दिसला आणि एवढा धिप्पाड माणूस चहा न घेता निघून गेला.

अंतरा रजा घेऊन आली आणि तिनं पेठेतला वायरमन केरबा बोलावला. तो दोन संध्याकाळी शेडमध्ये बसला. दुसऱ्या संध्याकाळी दिवा त्याच्या देखत पेटला, तसा त्यानं पिशवी गोळा केली.

"ताई, किल्ली माझ्या खिशात हाय आणि दिवा पेटतोय की. सरांचा जीव गुतलाय ह्यात. मला न्हाय जमायचं."

अंतराला राग आला. चिंचवडच्या कंपनीत ती गाड्यांच्या वायरिंगचीच कामं करत होती, आणि भूत हे काही वायरीच्या रंगांत बसत नव्हतं. तिनं रजा वाढवली आणि बाबांचा जुना शर्ट चढवून स्वतःच डॅशबोर्डखाली डोकं घातलं.

पहिल्याच दुपारी चोर सापडला. सर गेल्यावर बॅटरी बदलायला केरबाच आला होता, तेव्हा त्यानं वीज माघारी नेणारी अर्थची काळी वायर बॉडीला स्क्रूनं आवळली होती. जन्म लोखंडी गाड्यांत गेला, हात सवयीनं बॉडीकडं गेला. लोखंडातून वीज माघारी येते, फायबरमधून कशी येणार? फायबर म्हणजे प्लॅस्टिकची बादली. वाट न मिळालेली वीज मग दुसऱ्याच दिव्यातून घुसून परत येते. अंतरा एकटीच मोठ्यानं हसली. तिनं वायर सोडवून खालच्या लोखंडी सांगाड्याला जोडली आणि घरात जाऊन सांगितलं की बाबा नव्हते, केरबा होता.

आई पीठ चाळत होती. "बरं झालं," म्हणाली, "मग निघू या." एवढ्या सहज कबूल झाली की अंतराला चुटपुट लागली. पण तिनं उदयसिंहांना उद्या यायला सांगितलं आणि बॅगा भरल्या.

दिवेलागणीला ती हत्यारं आवरायला शेडमध्ये गेली. पाने डब्यात भरून बाबांच्या सीटवर जरा टेकली, इतक्यात समोर लाल दिवा पेटला.

किल्ली तिच्या मुठीत होती. भूतबीत न मानणारी ती बाई लहान पोरीसारखी हळूच "बाबा?" म्हणाली. मग स्वतःचीच तिला इतकी चीड आली की भीती मागं पडली. तिनं इंजिनावरची तेलाच्या स्विचची वायर उपसून काढली. दिवा पेटलेलाच. म्हणजे त्याला दुसरीकडून कुठून तरी वाट मिळत होती. ती पुन्हा डॅशबोर्डखाली शिरली, जाड गुंडाळलेली टेप फाडली, आणि आत बाबांच्या हाताची गाठ मारलेल्या, गाडीत कशालाच न लागणाऱ्या वायरी निघाल्या. तोवर दिवा विझला होता.

त्यातली पांढरी कुठं जाते ते बघावं म्हणून तिनं तिचं टोक बॅटरीला टेकवलं. काही पेटलं नाही, काही वाजलं नाही. पुन्हा टेकवलं. काही नाही. मग टॉर्च घेऊन ती वायरींच्या मागं निघाली. सीटखालून त्या जमिनीवर उतरल्या होत्या. तिथं गाडी बाहेर काढताना सोडवायचा एक प्लग होता. तिथून पुढं पाइपातून भिंतीकडं. दावणीच्या म्हशीसारखी गाडी घराला बांधलेली होती. अंतरा शेडबाहेर आली. पाइप परडं ओलांडून स्वयंपाकघराच्या भिंतीवर चढला होता.

आत आई बरण्यांच्या फळीपाशी उभी होती. बरण्या बाजूला सारलेल्या. मागं घरातल्या दिव्याला असतं तसलं बटण आणि त्याच्यावर एक छोटा हिरवा दिवा. ओट्यावर दोन ताटं मांडलेली. अंतराचं पान रोज ती वेगळं, उशिरा वाढायची. आईचा चेहरा इतका उजळलेला अंतरानं कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता, आणि तिला त्याचंच भय वाटलं.

सगळं आईनंच सांगितलं. शेडमध्ये ग्राइंडरचा आवाज, हाक ऐकू जायची नाही. आई ओरडून दमायची, भाकऱ्या गार व्हायच्या. म्हणून ह्यांनी ही सोय केली. तव्यावरची भाकरी उतरली की बटण दाबायचं, तिकडं लाल दिवा लागायचा. मग तिकडून ते हा हिरवा दिवा दोनदा लावायचे. म्हणजे आलो. ते गेल्यावरही ती रोज संध्याकाळी बटण दाबत होती. केरबा घाबरून पळाला तेव्हाही तिनंच दाबलं होतं.

"वेडी म्हणशील, म्हणून बोलले न्हाई. आज म्हटलं, उद्या निघायचंय, शेवटचं बोलवावं. न्हाई आले तर सुखानं जाईन." तिनं पदरानं डोळे टिपले. "आणि आले की गं. दोनदा लागला दिवा. आता मी कशी येऊ पुण्याला?"

आईला घेऊन जायला अंतरानं त्या वायरी उघडल्या आणि स्वतःच्याच हातानं आईला इथं बांधून ठेवलं. गप्प राहणं सोपं होतं. पण उद्या, परवा, दर संध्याकाळी हिनं दाबल्यावर उत्तर कुणी द्यायचं?

"आई, ती मी होते. पांढरी वायर मीच बॅटरीला लावली."

आईला राग आला नाही. मायेपोटी खोटं बोलणाऱ्या पोरीकडं बघावं तसं तिनं बघितलं.

"तू कशी असशील? तुला दोनदाचं कुठं ठाऊक होतं?"

मेलेली वायर एकदा टेकवली की कळतं, पुन्हा टेकवून वेळ घालवू नका, हे अंतराच कंपनीत नव्या मुलांना सांगत असे. मग दुसऱ्यांदा का टेकवली? तिनं मनातल्या मनात मागं जाऊन ते कारण शोधलं. ते तिला सापडलं नाही.

आईनं बाबांच्या ताटात गरम भाकरी वाढली, आणि उदयसिंहांना फोन करून उद्या येऊ नका म्हणून सांग, असं म्हणाली.