बहुधाबाई

ताईने पाण्याची बाटली माइकसारखी धाकट्या बहिणीच्या तोंडासमोर धरली.

“बोला बाई, फरशीच्या धुळीनंच फुफ्फुसं जातात, अशी शंभर टक्के खात्री आहे तुमची?”

“बहुधा...”

“झालं. बुडवलंस.” ताई हसली आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली.

समितीच्या दालनाबाहेर दोघी बाकावर बसल्या होत्या. धाकटीला घरात सगळे बहुधाबाई म्हणत. भाजीत मीठ आहे का विचारलं, तरी तिचं उत्तर ‘बहुधा’. विज्ञानाचा इतिहास शिकवता शिकवता जिभेला वळणच पडलं होतं. पुराव्याच्या पलीकडे एक शब्द जायचा नाही. ताईची उमेदीची वर्षं मात्र फरश्या कापण्यात गेली होती. यापुढे कोरडी फरशी कापायची नाही, पाणी सोडूनच कापायची, असा नियम आज समितीपुढे होता. ताईची फुफ्फुसं काही परत येणार नव्हती, पण आता तिची लेक त्याच यंत्रावर उभी राहत होती.

हा नियम दर वेळी कसा बारगळला, यावर बहुधाबाईने पुस्तक लिहिलं होतं. फरशीच्या कंपन्यांनी नियमाला कधी ‘नको’ म्हटलंच नव्हतं. पदरी बाळगलेल्या शास्त्रज्ञांकडून त्या एवढंच वदवून घेत: ‘अधिक अभ्यासाची गरज आहे.’ वाक्य सोज्वळ होतं. त्याला नाही कोण म्हणणार?

आत गेल्यावर बहुधाबाई साक्षीला उभी राहिली. कंपन्यांचा वकील उठला आणि ताईने विचारलेलं तेच त्याने विचारलं.

“हो. खात्री आहे,” ती म्हणाली.

त्याने फिरवून फिरवून विचारलं. ती बधली नाही. मागच्या खुर्चीवर ताईने खोकला पदरात दाबला. अखेर वकील खाली बसला.

मग अध्यक्षांनी चष्मा काढला. वडीलधारे गृहस्थ, आवाज मऊ.

“फार मोलाचं काम केलंत, बाई. आपलं कुतूहल म्हणून विचारतो. या विषयावर अजून संशोधन व्हावं, असं वाटतं तुम्हाला?”

तिला एकदम हायसं वाटलं. इतक्या वेळात कुणीतरी तिच्या भाषेत बोललं होतं.

“अर्थातच. संशोधन तर नेहमीच व्हायला हवं.”

अध्यक्षांनी टंकलेखकाकडे पाहिलं.

“नोंदवा. बाईंच्याही मते अधिक अभ्यासाची गरज आहे. नियमाचं त्यानंतर पाहू.”

ती घाईने पुढे झाली.

“साहेब, मला तसं म्हणायचं नव्हतं...”

पण खुर्च्या सरकल्या होत्या. वकील अदबीने तिच्यासाठी दार धरून उभा होता.

बाहेर ताईचा चेहरा खुलला होता.

“बघ, शेवटी तुझंच ऐकलं त्यांनी. किती दिवस लागतील गं अभ्यासाला? पोरीला सांगते, तेवढे दिवस कळ काढ म्हणून.”

मागच्या खेपेला याच वाक्यावर नियम एकोणीस वर्षं अडला होता. पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण होतं.

“सांग की.”

बहुधाबाईने बाटलीचं झाकण उघडलं आणि बाटली ताईच्या हातात दिली.

“आधी पाणी पी,” ती म्हणाली.