शिवांशचं जावळ

मला दुष्ट म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. देवळ्यात निम्मं गाव म्हणतंच, आणि उरलेलं निम्मं माझ्याकडे चहा पितं म्हणून गप्प बसतं.

अमोल माझा एकुलता एक. त्याचा हात बायकोवर उठायचा, हे मी नाकारत नाही. मोहिनी एक दिवस मार खाऊन मनमाडला भावाकडे निघून गेली, तेव्हा तिचा शिवांश माझ्याकडे राहिला. राहिला म्हणजे मी ठेवून घेतला. ती दाराबाहेर हात पसरून उभी होती आणि मी आतून कडी घातली.

मग नाशिकच्या कोर्टात घटस्फोट आणि पोराचा ताबा, दोन्ही सुरू झालं. आमचे वकील स्पष्ट बोलणारे. "आजी, पाच वर्षांच्या आतलं मूल कोर्ट शक्यतो आईकडेच देतं. या शनिवारी समुपदेशक मॅडम पोराला आईसोबत बसवून बघणार आहेत. तो तिला बिलगला की संपलं." आणि शिवांश तर तिला बघितलं की धावत सुटायचा. कोर्टातल्या मुलांच्या खोलीत दर भेटीला मी ते बघायचे आणि माझा जळफळाट व्हायचा. खाऊ घालते मी, न्हाऊ घालते मी, आणि हा धावतो तिच्याकडे!

मी मनमाडला फोन लावला. "चंदर, भाच्याला तिसरं लागलंय. जावळ मामाच्याच मांडीवर व्हायला पायजे. भांडण कोर्टात, देवीच्या दारात नाय. मोहिनीलाबी आण."

मोहिनीनेच भावाच्या हातून फोन घेतला. "आई, तुमचे उपकार कसे फेडू मी?" ती रडत होती.

"येडी हायेस का, ये तू," मी म्हटलं.

शुक्रवारी दोघं देवीच्या देवळात आली. मामाने भाच्याला नवे कपडे आणले होते. न्हावी मी ठरवला होता, म्हातारा धोंडीराम. त्याचे हात इतके थरथरतात की गावात कुणी त्याच्याकडे दाढीला बसत नाही. अमोल म्हणाला, मशीनवाल्या पोराला बोलावू. मी म्हटलं, "देवीचं काम वस्तऱ्यानंच व्हतं."

चंदरने पोराला मांडीवर आवळून धरलं. "मोहिनी, डोकं तू धर गं. घट्ट धर, हललं तर कापंल," मी सांगितलं. बिचारीने दोन्ही हातांनी धरलं. वस्तरा लागताच शिवांश किंचाळला. "मम्मी, सोड!" तो जितका ओरडला तितकं तिने त्याच्या भल्यासाठी आणखी घट्ट धरलं. दोन ठिकाणी कापलं. मग मी पुढे झाले, पोराला तिच्या हातातून हिसकावून घेतलं, जखमेवर हळद दाबली, फुंकर घातली. "रडू नको राजा, आजी हाय ना!" जमलेल्या बायका म्हणाल्या, झुंबरबाईचं मन मोठं.

शनिवारी मॅडम कोर्टातल्या त्या खोलीच्या कोपऱ्यात बसल्या होत्या. मोहिनीने पिवळी सुती टोपी आणली होती, बोडक्या डोक्याला ऊन लागू नये म्हणून. शिवांश तिला बघून हसला. तो तिच्याजवळ गेलासुद्धा. तेवढ्यात तिने टोपी घालायला हात त्याच्या डोक्याकडे नेला.

पोरगं असं ओरडलं की बाहेरचा शिपाई आत डोकावला. डोकं झाकून ते माझ्या पदरात शिरलं. "मम्मी नको! मम्मी कापते!"

"मॅडम, काल जावळ होतं त्याचं. मी फक्त धरलं होतं हो," मोहिनी म्हणाली.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी कशाला खोटं बोलू? "खरंय, जावळच व्हतं. मीच बोलावलं व्हतं दोघांना. जावळाला सगळीच पोरं रडतात, मॅडम. पण आईला भ्यालेलं पोर मी पयल्यांदा बघते."

मोहिनी गुडघ्यांवर बसली. त्याने भिऊ नये म्हणून दोन्ही हात पाठीमागे धरले आणि लांबूनच त्याला हाका मारत राहिली. तो गेला नाही.

टोपी खाली पडली होती. मी उचलली, झटकली आणि शिवांशच्या डोक्यावर घातली. त्याने मुकाट्याने घालू दिली. मॅडम लिहीत होत्या.

टोपी अगदी बरोबर बसली. माप न घेता आणली होती तिने. अजून तीच घालतो तो, आणि कुणी आणली विचारलं की म्हणतो, आजीनं.