आला का आवाज?

"आला?" कानिफनाथनं मोटारीच्या खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं.

अंगणाच्या मधोमध मालन उभी होती. पदर कानामागं सारलेला, म्हणजे कान मोकळा. तिच्याभोवती शेठची काळी मोटार पहिल्या गिअरमध्ये रांगत होती आणि पुढचं डावं चाक कण्हत होतं. आधी कुंई, मग कट्ट. दर फेरीला. रस्त्यानं जाणाऱ्यालाही ऐकू जावं इतकं स्वच्छ.

"न्हाई," मालन म्हणाली.

म्हणाली खरी, पण कानशिलं गरम झाली तिची. संसारात बाईमाणूस बारीकसारीक खोटं बोलतंच, साखर संपली नसताना संपली म्हणतं. पण नवऱ्याच्या धंद्यात ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती. कारण तो धंदा अर्धा तिच्या कानावर चालला होता.

संगमनेरात नाशिक-पुणे रस्त्याला कानिफनाथ मिस्त्रीचं गॅरेज. पुढं पत्र्याची शेड, मागं दोन खोल्या, मध्ये हे अंगण. मिस्त्रीचा हात असा की लोक कोपरगावाहून गाड्या आणत. पण पोरवयात ऐरणीपाशी घण मारून मारून त्याचे कान गेले होते. पुरते नाही, पण बारीक आवाज त्याला येत नसे. गिऱ्हाइकाला याचा पत्ता लागू द्यायचा नाही, हे नवरा-बायकोनं न बोलता ठरवलेलं. गाडी अंगणात वळली की मालन भांडी घासायला दारात बसे. आवाज डावीकडून आला तर डाव्या हातानं पदर सावरी, उजवीकडून आला तर उजव्या. पुढं पुढं तर आवाज कसला तेही तिला कळू लागलं. रबराचा बुश गेला की कुत्र्याच्या पिलासारखा कुरकुरतो. चाकं वळवणारा टायरॉड सैल झाला की खुळखुळतो. आणि चाक ज्या खिळ्यावर डावीउजवीकडं वळतं ती किंगपिन कोरडी पडली की असं कण्हतं. गाडी सरळ पळताना गप्प, हळू वळवली की बोंब.

आज शेठनं तेच सांगितलं होतं. "फाटकातून आत घेताना आवाज करते हो मिस्त्री." उघड होतं सगळं. आणि मालन न्हाई म्हणून उभी होती.

कारण कालचा बाजार. माहेरच्या गावची छबूबाई अंडी विकायला आली होती, ती सांगून गेली. "तुझ्या आईची नजर गेली गं. दिसभर वट्यावर बसती. रस्त्यानं कंची बी गाडी वाजली की इचारती, मालन आली का?"

रात्रभर तेवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. मालन आली का.

माहेर काही सातासमुद्रापार नव्हतं. अकोल्याच्या रस्त्याला, एसटीनं गेलं तर दुपारच्या जेवणाला पोचावं एवढं. पण जायचं कसं? भाचीच्या लग्नात नवरदेवाची मोटार ऐन वेळी रुसली. मालनचा भाऊ भीमा म्हणाला, "दाजी, जरा बघता का?" दाजी नव्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरले. गाडी चालू करून बाहेर आले तोवर पंगत उठलेली. बरं, उठली तर उठली. पण भीमानं ताट तिथंच चाकापाशी आणून ठेवलं. "हितंच बसा दाजी, कपडे मळल्यात तुमचे." चारचौघात जावयाला असं वाढतात का? कानिफनाथनं हात धुतले, मालनला हाक मारली आणि स्टँडची वाट धरली. वाटेत एवढंच बोलला, "भीमा न्यायला येईल तवा. तवर त्या दारात पाय ठेवायचा न्हाई. माझाबी, तुझाबी."

भीमा आला नाही. आपोआप येतील म्हणाला. आणि न्यायला माणूस आल्याशिवाय लेक माहेरी जात नाही. गेली तर नवऱ्याची मान खाली जाते. मालननं वाट पाहिली. दर दिवाळीला, दर पंचमीला पाहिली. दोघं पुरुष आपापल्या जागी ताठ आणि मध्ये एक म्हातारी ओट्यावर बसलेली.

"हितं न्हाई येत तर मंग बाहेर काढावी लागंल," कानिफनाथ मोटार थांबवून म्हणाला. "वळनं पायजेत."

"अकोल्याच्या रस्त्याला वळनं लई हायेत," मालन म्हणाली. जमिनीकडं बघत म्हणाली.

त्यानं तिच्याकडं जरा वेळ पाहिलं. मग शेडमध्ये गेला, स्वतःचा पेट्रोलचा डबा आणला आणि शेठच्या टाकीत ओतला. "बस म्होरं. माझ्या कानाचा काय भरवसा."

लुगडं बदलावं तर मनातलं कळेल. मालन होती तशी बसली, फक्त घरातून मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा पदराला बांधून घेतला.

बहात्तरचा पाऊस दडी मारून बसला होता, त्यानंतरचा तो हिवाळा. रानं उघडी पडलेली. रस्त्याकडेला बायामाणसं खडी फोडत होती, त्यात जमीनजुमलेवाल्या घरच्याही होत्या. मोटार वळणांवरून चालली. प्रत्येक वळणाला कानिफनाथ वेग कमी करी, पायाखालचं चाक कण्हे, तो विचारी, "आला?" आणि ती म्हणे, "न्हाई." आता तर तिला लाजही वाटेनाशी झाली. खोटं एकदा अंगवळणी पडलं की बाई निवांत बसते.

गाव आलं तशी ती सावरून बसली. रस्त्याला लागूनच घर, घरापुढं मोकळी जागा, मधोमध लिंब. त्या लिंबाला वळसा घालून बैलगाड्या फिरवत. ओट्यावर तिची आई, मुक्ताबाई, बसली होती. केवढीशी झाली होती ती. मालनला वाटलं, कुणी उचलून आत न्यावं हिला, वारा लागतोय.

कानिफनाथनं मोटार रस्त्यावरून खाली घेतली. "उतरायचं न्हाई," तो समोर बघत म्हणाला. "ट्रायल घ्यायला आलोय. पाय गाडीतच ऱ्हात्याल."

आणि त्यानं लिंबाला फेरी धरली. अगदी सावकाश, चाक उजवीकडं पुरतं वळवून. मालनची बाजू ओट्याच्या अंगाला. कुंई, कट्ट. म्हातारीनं मान वर केली.

हाक मारली तर ती भेट होईल का? नवऱ्याचा शब्द मोडेल का? मोटार ओट्यापाशी आली आणि कानिफनाथनं भल्या मोठ्यानं विचारलं, "आला का आवाज?"

बहिऱ्याला हळू सांगून काय उपयोग. तिला ओरडूनच सांगावं लागलं, "न्हाई. अजून एकदा फिरवा."

ओट्यावरची म्हातारी भिंतीला धरून उठली. "मालन?"

मोटार पुढं गेली. लिंबाला वळसा घालून परत येईपर्यंत मालनचा जीव तिथंच राहिला.

"मीच हाय, आई."

"आलीस? जेवलीस का?"

पुन्हा वळसा. "जेवले. तू गं?"

"माजं काय. भीमा खडी फोडाया गेलाय, सूनबी. तू बारीक झालीस का?"

दिसत नव्हतं तिला काही, तरी विचारलं. "न्हाई गं. हाय तशीच हाय."

अशी ती भेट चालली, तुकड्यातुकड्यानं. मधल्या वळशात दोघी पुढचं बोलणं जुळवत. कानिफनाथ समोर बघत चाक धरून बसला होता, वेग वाढू देत नव्हता. एका फेरीला म्हातारी ओट्याच्या कडेला येऊन हात लांब करून उभी राहिली. मालननं खिडकीतून शेंगदाणे-गूळ त्या हातात दिला. बोटं लागली, खरखरीत, थंड. मोटार पुढं निघाली तशी सुटली.

"उतरायचं न्हाई व्हय?"

"न्हाई आई. गाडीचा आवाज हुडकतोय."

मुक्ताबाई पुढच्या फेरीला जावयाच्या दिशेनं तोंड करून म्हणाली, "हुडका. सावकाश हुडका."

कानिफनाथला ते ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक. पण त्यानं आणखी पुष्कळ फेऱ्या घातल्या. धुळीत चाकांची गोल वाट उमटली. मग रस्त्यावर खांद्याला पहार घेतलेला एक माणूस येताना दिसला, चालीवरून भीमाच, आणि कानिफनाथनं चाक सरळ केलं.

"परत ये गं," म्हातारी मागून म्हणाली. "आता या आवाजावरनं वळखीन मी. कुंई करीत आली की माजी मालन."

गॅरेजला पोचल्यावर कानिफनाथनं जॅक लावला आणि थेट पुढचं डावं चाक उतरवलं. मालननं कुठली बाजू ते सांगितलंच नव्हतं.

"तुमाला ठावं हुतं?"

"हातात येतो की त्यो," तो चाकाआडून म्हणाला. "स्टेरिंग धरलं की कळतं. सकाळीच आल्ता."

"मंग?"

"मंग काय. कान तुजा. तू न्हाई म्हनलीस."

मालन तिथंच खाली बसली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही, वाहू दिलं. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ना तसाच."

त्याचा हात थांबला. "शेठची गाडी हाय, मालन. पिन झिजलीय. कुटं वळनावर चाक निसटलं म्हंजी?"

हे तिलाही कळत होतं. ती उठली, ग्रीसचा डबा आणून त्याच्याजवळ ठेवला. नवी पिन, नवे बुश बसले. जुनी पिन एका अंगानं झिजून पातळ झाली होती. ती त्यानं भंगारात टाकली नाही, पुसून खिडकीत ठेवली.

दिवस मावळायच्या सुमाराला मोटार पुन्हा अंगणात रांगू लागली. मालन मधोमध उभी. पदर कानामागं. चाक डावीकडं वळलं, उजवीकडं वळलं. लोण्यात फिरावं तसं फिरलं. ती सगळा जीव कानात आणून ऐकत होती.

"आला?" कानिफनाथनं विचारलं.

"न्हाई," मालन म्हणाली.

हे खरं होतं. तरी त्यानं मोटार थांबवली नाही, अजून एक फेरी घातली.